उणे लवंग

सुप्रिया शिंगणची चटणी नाकानं ओळखली नाही तेव्हा हर्षदा डुबलच्या कांडपात पंधरावीस बायका आपापले डबे घेऊन बसल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी सुप्रियाचं तोंड कधी पडतंय याची वाटच बघत होत्या. त्यामुळे झालं ते भरल्या सभेत झालं. सुप्रियानं चमचाभर कूट नाकाखालच्या ताटलीत ठेवलं, छोटा पंखा फिरला, आणि काउंटरवरच्या डेस्कटॉपमधून तो नेहमीचा गुळगुळीत आवाज आला, "हा वास माझ्या ओळखीचा नाही. नवीन घर म्हणून नोंदवायचं का?"

शिंगणांचं घर नवीन? शनिवार पेठेत त्यांच्या दाराला दार लावून निम्मी पेठ उभी राहिली होती. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं की काकू, दुसरं लग्न केलं आणि आम्हाला पेढेसुद्धा नाहीत? सुप्रियानं मागं वळून बघितलं, पण इतक्या पदरांआड हसू चाललं होतं की कुणाला धरायचं तेच कळेना. मग तिनं आपला सगळा राग हर्षदावर काढला.

"हर्षदे, तुझ्या नाकाला पडसं झालंय का?"

हर्षदानं हसण्यावारी नेलं, पण लगेच ताटली पुसून तीच चटणी पुन्हा ठेवून बघितली. कारण नाक विसरलं तर काय होतं, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

साल होतं दोन हजार एकेचाळीस, आणि कऱ्हाडात एप्रिल तापला होता. कांडप म्हणजे लोखंडी मुसळांची रांग, खाली उखळं, आणि दिवसभर धडाम धडाम. त्यात मिरची, धने, खोबरं, सगळा मसाला कुटून वर्षाची चटणी होते. प्रत्येक घराची वेगळी. आता गोम अशी की आधीच्या सासवा प्रमाण मुठीनं सांगायच्या. मूठभर तीळ, चिमूटभर दगडफूल, लवंगा आपल्या अंदाजानं. सासू गेली की मूठ गेली, मूठ गेली की चव गेली. मागं उरायची फक्त बरणीच्या तळाला चिकटलेली गेल्या सालची चटणी आणि "आईच्या हातचं काही औरच होतं" म्हणणारा नवरा.

म्हणून हर्षदानं नाक आणलं होतं.

नाक म्हणजे काय, तर टाचणीच्या डोक्याएवढी चकती. तिच्यावर शेकडो बारीक थर. एक थर लवंगेच्या वासानं फुगतो, दुसरा भाजलेल्या खोबऱ्याच्या, तिसरा कशाच्या. थर फुगला की त्यातून वाहणारी वीज कमीजास्त होते, आणि कॉम्प्युटर ते आकडे टिपून घेतो. माणसाचं नाक चटणी हुंगून "वा" म्हणतं आणि गप्प बसतं. हे नाक सांगायचं की धने थोडे कमी, खोबरं गेल्या वर्षीपेक्षा जास्त भाजलंय, वेलदोडा राहिलाच. बायका बरणीचा तळ खरवडून आणायच्या, नाकाला हुंगवायच्या, आणि दरवर्षी अगदी तीच चटणी घेऊन घरी जायच्या. कित्येक घरांत आता ते प्रमाण ना कुणाच्या डोक्यात होतं ना कुणाच्या मुठीत. ते फक्त त्या डेस्कटॉपात होतं.

सुरुवातीला बायका यायला तयार नव्हत्या. आपलं प्रमाण जावेला न सांगणाऱ्या बायका, यंत्राला कशा सांगतील? तेव्हा हर्षदानं चालत्या मुसळावर हात ठेवून सगळ्यांसमोर शब्द दिला होता की वास या खोलीतच राहील. तिच्या शब्दावर दुकान उभं होतं.

आणि आता नाक विसरायला लागलं होतं.

कारण साधं होतं. जुन्या काळच्या कॉम्प्युटरात दोन तऱ्हेच्या आठवणी असत. एक स्वयंपाकाच्या ओट्यासारखी, हाताशी. दुसरी फडताळासारखी, लांब पण मोठी. ओट्याला रॅम म्हणायचे, आणि वीज गेली की ओटा रिकामा. मग टिकाऊ रॅम निघाली. वीज जावो नाहीतर राहो, ओट्यावरचं जागच्या जागी. नाकाला हेच हवं होतं, कारण समोरचा वास त्याला सगळ्या घरांशी एकदम ताडून बघावा लागतो, फडताळ उघडत बसायला त्याला सवड नसते. सगळी घरं ओट्यावरच मांडलेली. पण गिऱ्हाईक वाढत गेलं, ओटा भरला, आणि आता नवीन घर आलं की कडेचं एखादं धप्पकन खाली.

सुप्रियाच्या बरणीत तळ शिल्लक होता. तो हुंगवला आणि शिंगण परत ओट्यावर चढले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्या धक्क्यानं थोरातांची चटणी खाली पडली. थोरातांना चढवलं तर तांबोळी पडले. दोनचार दिवस हा खेळ चालला आणि मग एक बाई अशी आली, की जिची बरणी गणपतीतच संपली होती. ती रिकामा डबा छातीशी धरून बराच वेळ त्या नाकाकडं बघत बसली.

हर्षदाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नाक जिच्याकडून घेतलं होतं त्या रुचितारा कंपनीचा ऋतुराज नलवडे नावाचा माणूस बोलावल्याबरोबर आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं की साखरेनंही लाजावं. त्यानं काकू काकू करत समजावलं की मेमरी वाढवायची तर एकच वाट आहे. सगळ्या घरांचे वास कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. तिथं जागाच जागा. आणि हो, डेस्कटॉपचा डबा स्वतः उघडू नका, बाजूला सील आहे, ते तुटलं की कंपनीचा आणि तुमचा संबंध संपला.

हर्षदानं विचारलं की तिथं ठेवलेल्या वासांचं कंपनी काय करते. ऋतुराज म्हणाला, काही नाही, अभ्यास. त्या अभ्यासाची पाकिटं हर्षदानं दुकानात लटकलेली बघितली होती. 'वाईची घरची चव', 'तासगावची घरची चव'. वाईच्या आणि तासगावच्या कांडपवाल्यांनी सह्या केल्या होत्या, आणि तिथल्या बायकांना आपल्याच घरची चटणी आता पाकिटात मिळत होती.

ती विचार करून सांगते म्हणाली. तेवढ्यात तिचा नवरा संदेश, जो चहा घेऊन आला होता, तो ऋतुराजला म्हणाला की विचार कसला, कागद घेऊनच या.

संदेश डुबल हा तसा देवमाणूस. साखर कारखान्यातून लवकर निवृत्त झालेला, भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. विसरभोळं नाक ठेवून रोज बायकांचे शिव्याशाप खाण्यापेक्षा कंपनीला द्या आणि सुटा. हर्षदानं सांगितलं की मी मेमरी स्वतः बसवणार. तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला.

"मेमरी काय पापड आहे, घरी लाटायला?"

"तुम्हाला पापडतरी कुठं लाटता येतो?"

एवढ्यावरून जुंपली. त्यात तिची माहेरची माणसं आली, त्याचा भाऊ आला, कुठल्याशा लग्नातलं मानापमान आलं, आणि शेवटी संदेश चप्पल घालून जो निघाला तो भावाच्या सिमेंटच्या दुकानात जाऊन बसला. रोज सकाळी तिथं, जेवायला घरी, पण तोंडातून अक्षर नाही. भाजी हवी असली तर पातेल्याकडं बोट.

हर्षदा तशीच उठून एस.टी. स्टँडमागं इम्तियाज मुल्लाकडं गेली. इम्तियाज जुने कॉम्प्युटर घेऊन त्यातून नवे बनवायचा. त्यानं तिच्यासमोर रुचिताराचाच एक मोडका डबा उघडला आणि आतली पट्टी दाखवली. रॅमच्या कांड्यांसाठी चार खाचा होत्या. दोनांत कांड्या, आणि उरलेल्या दोन खाचांत प्लॅस्टिकची बुचं.

"म्हणजे जागा आहे?" हर्षदानं विचारलं.

"वहिनी, जागा पहिल्या दिवसापासून आहे. बूच मारून ठेवलंय."

हर्षदाच्या मनात जी काही थोडीफार भीती होती, ती त्या बुचानं घालवली. ओटा अर्धा झाकून ठेवायचा आणि वर म्हणायचं जागा नाही. इम्तियाजनं तिला जोडीच्या दोन कांड्या निवडून दिल्या, कारण एकमेकींना न साजेशा कांड्या घातल्या तर डबा नणंदा-भावजयांसारखा अडून बसतो. वीज बंद करायची, वायर काढायची. लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. कांडी कडेनं धरायची, खाच बघून बसवायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची, दोन्हीकडून कट् आवाज आला की झालं. हर्षदानं त्याच्याच दुकानात दहा वेळा काढून घालून बघितलं. दहाही वेळा कट्.

आपल्या कांडपात तिनं काही लपवलं नाही. ज्या बायका होत्या त्यांना सांगितलं की सील तोडतेय. जमलं तर कुणाचंच घर खाली पडणार नाही. बिघडलं तर सगळीच पडतील, आणि बहुतेकींच्या बरण्या रिकाम्या आहेत हे मला माहीत आहे. सुप्रिया शिंगणच आधी बोलली. ती म्हणाली की कंपनीच्या घशात जाण्यापेक्षा मातीत गेलेली बरी. उघड.

हर्षदानं मुसळं थांबवली. लोखंडी खांबाला हात लावला, सील फाडलं, स्क्रू काढले आणि झाकण ओढलं. आत इतक्या वर्षांचं लाल तिखट बसलेलं. तो ढग असा उठला की अख्खं कांडप शिंकायला लागलं. कुणी तेरा, कुणी चौदा, सुप्रिया तर मोजण्यापलीकडं. डोळे पुसत, नाक ओढत हर्षदानं ब्रशनं आतलं झाडून घेतलं, चिमट्यानं बुचं उपटली, आणि कांड्या हातात घेतल्या. पोरीचं लग्न लावावं तशी सगळ्या जणी गोल करून उभ्या होत्या.

कट्. कट्. दुसरी कांडी, कट्. कट्.

झाकण लावलं, वायर लावली, बटण दाबलं.

डबा बोलला नाही. नुसता पीप केला. लांबलचक पीप, थांबला, पुन्हा पीप. पडदा काळाच.

तिनं बंद करून परत चालू केलं. पीप. कांड्या काढून परत दाबल्या. पीप. जुन्या कांड्यांसकट सगळंच गेलं असेल का, हाच प्रश्न खोलीत उभा होता. तिनं इम्तियाजला फोन लावला. सगळं नीट ऐकून घेऊन त्यानं विचारलं की वहिनी, एक सांगा, नव्या वस्तूची पूजा कुठं केलीत?

हर्षदानं कांडी डोळ्यांजवळ धरली. सकाळी देवापुढं ठेवून तिनं दोन्ही कांड्यांना ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं, जसं गाडीला लावतात, गिरणीला लावतात, नव्या कुकरलासुद्धा लावतात. आणि लावताना चांगली चकचकीत, सोनेरी कडा बघून तिथंच लावलं होतं. त्या सोनेरी दातांतूनच तर सगळी वीज जाते. तिथं आता कुंकवाचा छान वाळलेला थर होता.

इम्तियाज इतका हसला की फोन लांब धरावा लागला. मग म्हणाला, खोडरबर आहे का? हर्षदानं सोनेरी कडा खोडरबरनं हळूहळू, एकाच दिशेनं घासली, फुंकर न मारता कापडानं पुसली. सुप्रिया पुटपुटली की देवा, हे कुंकू पुसतोय ते वाईट वाटून घेऊ नको, यंत्राचं आहे.

कट्. कट्. कट्. कट्. बटण.

पडदा उजळला. मेमरी दुप्पट झाली म्हणून एक ओळ आली. बायकांनी असा काही गलका केला की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला.

पण नाकाचं म्हणणं वेगळंच होतं. मेमरीची मांडणी बदलली आहे, ते म्हणालं, कृपया शून्य वास द्या. हर्षदाला पुस्तिकेतलं आठवलं. शून्य म्हणजे स्वच्छ हवा. तिनं ताटली धुऊन, पुसून, रिकामी ठेवली. नाक ठीक आहे म्हणालं. मग शिंगणांची चटणी ठेवली.

"जवळचं घर शिंगण," आवाज म्हणाला, "पण लवंग फारच जास्त."

सुप्रिया भडकली. थोरातांची ठेवली. लवंग फारच जास्त. तांबोळ्यांची, तेच. ज्या बाईच्या चटणीत जन्मात लवंग पडली नव्हती तिचीही लवंग फारच जास्त. बायका म्हणायला लागल्या की बिघडलं. हर्षदा मात्र स्टुलावर बसली आणि तिनं विचार केला, की एकीची चुकली तर चटणी वाकडी. पण सगळ्यांची एकाच मापानं चुकते तेव्हा तराजू वाकडा असतो. रिकामं भांडं ठेवून तराजूचा काटा शून्यावर आणतात ना, तसा नाकाचाही काटा पहिल्याच दिवशी शून्यावर आणलेला. पुढं जे काही हुंगलं ते त्या पहिल्या वासाच्या वर किती, एवढंच त्यानं लिहून ठेवलेलं. आज शून्याला स्वच्छ हवा दिली आणि सगळ्यांची लवंग वाढली. मग त्या पहिल्या दिवशी शून्याला जे होतं, त्यात लवंग होती. भरपूर.

कंपनीचा नाक बसवणारा माणूस आला होता. त्यानं ताटली रिकामी ठेवून बटण दाबलं होतं. आणि त्याच वेळी ताटलीवर वाकून, मान आत घालून, हे काय आहे, हे काय आहे म्हणून कोण बघत होतं?

हर्षदाला एकदम हसू फुटलं. संदेश त्या काळी केस गळतात म्हणून थंडगार तेल चोपडायचा. लवंग, कापूर, वेलची घातलेलं, डोक्याला बर्फ ठेवल्यासारखं. उशी धुतली तरी वास जायचा नाही. अख्ख्या कऱ्हाडाची चटणी इतकी वर्षं संदेश डुबलच्या डोक्यापासून मोजली जात होती.

आणि ते डोकं सध्या सिमेंटच्या दुकानात रुसून बसलं होतं.

ती गेली. मागं बायकांची वरात. संदेशला आधी वाटलं की भांडायला आलीय, म्हणून तो गोण्यांमागं सरकला. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की तुमच्या डोक्याशिवाय माझं अडलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यानं ते तिला दोनदा बोलायला लावलं. मग भावाला ऐकवायला तिसऱ्यांदा. मग म्हणाला की अगं, पण आता डोक्यावर केस कुठं आहेत? ती म्हणाली, केसांचं कुणाला काय पडलंय, कवटी तर तीच आहे ना.

त्याच तेलाची बाटली मिळाली. त्याला स्टुलावर बसवून हर्षदानं स्वतः त्याच्या डोक्याला तेल चोळलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगाला तिचा हात लागत होता, आणि भोवती पंधरावीस बायका होत्या, त्यामुळे तो कानापर्यंत लाल झाला. डोकं ताटलीवर वाकवलं. शिंगणांची चटणी पुन्हा ठेवली. लवंग बरोबर आली, पण नाक म्हणालं, जिरं जास्त.

जिरं कुठून आलं? सुप्रिया म्हणाली, घाम, त्यालाही जिऱ्यासारखाच वास. त्या दिवशी भाऊजी घामेजलेले असणार. आणि खरंच, मशीन उतरवायला हमाल आले नव्हते म्हणून त्यानंच मिरचीची पोती बाजूला केली होती. झालं. भर दुपारी, तेल लावलेल्या डोक्यानं संदेश डुबल मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन कांडपाला चकरा मारायला लागला. बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून चढवत होत्या. एक जण म्हणाली, अजून एक फेरी, थोरातांच्या चटणीसाठी. न्हावी गिऱ्हाईक घेऊनच आला होता. तिसऱ्या फेरीनंतर धापा टाकत त्यानं डोकं ताटलीवर घातलं आणि हर्षदानं शून्याचं बटण दाबलं.

"शिंगण, शनिवार पेठ," नाक म्हणालं. "यंदा तीळ थोडे कमी. बाकी अगदी तशीच."

मग थोरात. मग तांबोळी. जी ठेवावी ती बरोबर. धक्का न देता, कुणाला खाली न पाडता. जिची बरणी गणपतीतच संपली होती, तिला लांबच्या एका नणंदेकडं वाटीभर चटणी सापडली होती. ती हुंगवली आणि ते घरसुद्धा ओट्यावर चढलं. त्या बाईनं डबा खाली ठेवला आणि हर्षदाचे दोन्ही हात धरले. तिखटाचेच हात, डोळे पुसायची सोय नव्हती.

हा आनंद फार टिकला नाही. ऋतुराज आला, तुटलेलं सील बघितलं, आणि जराही आवाज न चढवता म्हणाला की काकू, कराराप्रमाणे सील तुटलं की डबा आपोआप सगळ्या नोंदी आमच्याकडं पाठवतो. डब्याच्या आत त्याचं स्वतःचं सिम असतं. तुम्ही चालू केलात त्याच क्षणी सगळं आमच्याकडं पोचलं. पावसाळ्यात 'कऱ्हाडची घरची चव' बाजारात येईल.

हर्षदानं मुसळं बंद केली. सुप्रियानं आपलं पोतं उचललं आणि ती निघून गेली. मग दुसरी, मग तिसरी. कुणी शिव्या दिल्या नाहीत, हेच जास्त लागलं. पुढचे काही दिवस भर हंगामात कांडप रिकामं होतं. संदेश रोज येऊन बसायचा. मी सांगत होतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. चहा करायचा, आणि तिचा थंड झाला की पुन्हा गरम करून आणायचा.

मग एके दिवशी ऋतुराज पुन्हा आला. या वेळी शर्टाची इस्त्री मोडलेली होती. आवाजात काकू होतं पण साखर नव्हती. त्यानं हातातला पडदा तिच्यासमोर धरला आणि विचारलं की हे काय आहे.

हर्षदानं वाचलं. घर शिंगण. मिरची इतकी, धने इतके, खोबरं इतकं. लवंग, उणे पाच तोळे. वेलदोडा, उणे तीन. जिरं, उणे पावशेर. घर थोरात, लवंग उणे. घर तांबोळी, लवंग उणे. खालपर्यंत सगळ्या कऱ्हाडाची लवंग उणे.

"आमच्या प्रयोगशाळेत सगळे डोकं धरून बसलेत," ऋतुराज म्हणाला. "उणे लवंग चटणीत घालायची कशी?"

हर्षदाच्या डोळ्यांसमोर तराजू आला. यांनी आकडे नेले, पण काटा इथंच राहिला. वाईची, तासगावची नाकं कंपनीच्या स्वच्छ हवेवर बसवलेली, म्हणून ती कंपनीला वाचता आली. इथल्या प्रत्येक चटणीतून एक डोकं वजा केलेलं होतं. ते डोकं परत मिळवल्याशिवाय सगळा माल म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी. शून्य वास यंत्र साठवत नाही, तो फक्त नाकाच्या चकतीत भिनलेला असतो. तो शब्द, तिनं मुसळावर हात ठेवून दिलेला, मोडलाच नव्हता.

ती हसायला लागली. आधी मनात, मग मोठ्यांदा. तिनं समोरच्या न्हाव्याला हाक मारून सांगितलं की पेठेत निरोप दे, सगळ्यांना बोलाव. बायका आल्या. आधी दारातच उभ्या राहिल्या. तिनं पडदा सुप्रियाच्या हातात दिला. सुप्रियानं चष्मा लावून सगळं वाचलं, वर बघितलं, संदेशकडं बघितलं, त्याच्या डोक्याकडं बघितलं, आणि तिला असा ठसका लागला की दोघींना पाठ चोळावी लागली. मग ते हसू दारातून रस्त्यावर गेलं.

ऋतुराजला काही कळेना. तो संदेशकडं वळला, कारण या घरात समजूतदार माणूस हाच, हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्यानं हळू आवाजात सांगितलं की फक्त तुमचा शून्य वास कोणता होता ते सांगा. सील माफ, दुरुस्ती जन्मभर मोफत, तालुक्याची एजन्सी तुमच्या नावावर. संदेशनं शांतपणे ऐकून घेतलं. खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली, कानापर्यंत खाली ओढली.

"साहेब," तो म्हणाला, "डोकं फिरलंय का तुमचं?"

बायकांनी पुढचं काही बोलूच दिलं नाही. ऋतुराज बिचारा त्या गलक्यातून वाट काढत बाहेर पडला, आणि सुप्रियानं संदेशसमोर खुर्ची ओढून पंखा त्याच्याकडं वळवला. भाऊजी, ऊन लागू देऊ नका म्हणाली. त्या दिवसापासून त्याला पेठेत चालताना कुणीतरी सावलीत घ्यायचं, न्हावी त्याच्या डोक्याला हात लावण्याआधी हर्षदाला विचारून यायचा, आणि तो मान अशी जपून धरून चालायचा की जणू तिच्यावर दुधाचा हंडा आहे.

बातमी कृष्णेच्या काठानं वर-खाली दोन्हीकडं पसरली. मे लागायच्या आत वाईचे, तासगावचे, पलूसचे कांडपवाले इम्तियाजच्या दुकानापुढं रांगेत उभे होते. खाचांतली बुचं एकेक करून निघाली. प्रत्येकाला कांड्या कशा बसवायच्या ते हर्षदानं शिकवलं, आधी सिम उपटायचं तेही शिकवलं, आणि शेवटची गोष्ट मात्र ज्याची त्याच्यावर सोडली. शून्याला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कुणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही.

उंब्रजची एक कांडपवाली आपला डबा आणि फडक्यानं बांधलेली टोपली घेऊन आली. कांड्या बसल्या, पडदा उजळला, नाकानं शून्य वास मागितला. बाईनं टोपली ताटलीजवळ सरकवली आणि फडक्याची एक गाठ सोडली. आतून काहीतरी धडपडलं, आणि फडक्यातून एक पीस बाहेर उडालं. हर्षदानं रस्त्याकडं तोंड करून बटण दाबलं.